जाऊबाईंच्या पेजेतला अर्क

हाडं मोजणारी बस फेरीबोटीतून उतरून गावात आली, तेव्हा यांगनिम शेडमध्ये मियॉकच्या ढिगापुढे बसली होती. मियॉक म्हणजे समुद्रात दोरांवर वाढवलेलं लांबलचक शेवाळ. थंडी सरायला लागली की होड्या ते ओलंचिंब आणून टाकतात, मग ते उकळत्या पाण्यातून काढायचं, मिठात घालायचं, आणि गावच्या म्हाताऱ्यांनी ओळीनं बसून पानाच्या मधला दांडा ओढून वेगळा करायचा. कमरेला पट्ट्यानं बांधलेली फोमची गोल गादी, हातात रबरी मोजे आणि तोंडात गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या. सत्तरी कधीच ओलांडली तरी यांगनिमचा हात सुनांपेक्षा भरभर चाले. पाठ मात्र केव्हाच वाकली होती. एकटीचीच नव्हे. त्या बेटावर म्हातारी बाई म्हटली की ती कमरेतून वाकलेली, आणि आधाराला पुढे रिकामी बाबागाडी ढकलत जाणारी. नातवंडं शहरात वाढली, बाबागाड्या तेवढ्या बेटावर राहिल्या.

गावप्रमुखानं भोंग्यावरून पुकारा केला, "साठीच्या वरच्या सगळ्या बायकांनी म्हाताऱ्यांच्या बैठकीच्या खोलीपाशी यावं! हाडं फुकट मोजणार आहेत! येताना दागिने घालू नका!"

"आहेत कुणाकडे दागिने," शेडमधून कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या हसत, कुंथत, गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या.

बसमध्ये विद्यापीठातून आलेली एक चुणचुणीत बाई होती. वय पस्तिशीचं, नाव सोरा. त्यांच्या भाषेत सोरा म्हणजे शंख.

"नावातच शंख, मग वाजणारच की गं तू," यांगनिम तिला म्हणाली, कारण सोराचं तोंड बंद होत नव्हतं. ती प्रत्येक म्हातारीचा हात धरून पायरी चढवायची, कुठली, कुणाची, काय जेवलात, सगळं विचारायची. यांगनिमला टेबलावर झोपवून वरून यंत्राचा हात फिरवला. मग सोरा पडद्याकडे बघत गप्प झाली, आणि ते गप्प होणंच यांगनिमला खटकलं.

"बोल की. मेलेय का मी?"

"नाही हो आजी. पण हाडं फार पोकळ झालीत. मुळ्यात वारं शिरतं ना, बाहेरून नीट दिसतो आणि कापला की आत कापूस, तसं."

यांगनिमला रागच आला. "माझ्या हाडात वारं? अगं, आख्खा जन्म मियॉक खाल्लंय मी. बाळंतपणात खाल्लं, वाढदिवसाला खाल्लं, घरात दुसरं काही नसलं की तेच खाल्लं. बाळंतिणीची हाडं जागेवर बसतात त्यानं, असं माझी आजी सांगायची. आणि तूही म्हणे त्याचंच औषध करायला निघालीस. मग आमचीच हाडं पोकळ कशी?"

सोरानं हसण्यावारी नेलं नाही. ती स्टुलावर बसली. "आजी, बाळंतपणं किती झाली, त्या काळात पोटभर काय मिळालं, पाठ किती वर्षं वाकवलीत, ते सगळं हाडातच जमा होतं. मियॉक नसतं तर याहून वाईट झालं असतं का, ते कुणालाच माहीत नाही. मलाही नाही. म्हणून तर बघायचंय."

तिनं समजावून सांगितलं. मियॉकच्या बुडाशी जो चुणीदार, बुळबुळीत भाग असतो, ज्याला गावात मियॉकचा कान म्हणत, त्याचा अर्क काढून, पूड करून कवचाच्या गोळ्यांत भरला होता. उंदरांवर त्याचा गुण दिसला होता. आता माणसांवर बघायचं. निम्म्या बायकांना अर्काच्या गोळ्या, निम्म्यांना नुसत्या पिठाच्या, दिसायला अगदी सारख्या. कुणाला काय मिळालं ते शेवटपर्यंत खुद्द सोरालाही कळणार नव्हतं.

"एकच अट. ज्याची गोळी त्यानंच खायची. नवऱ्याला नाही, शेजारणीला नाही."

"नवरा कुठला आता," यांगनिम म्हणाली, आणि तिनं होकार दिला.

तिच्या मागून बुन्ये चढली. बुन्ये तिची थोरली जाऊ. नवऱ्याच्या मोठ्या भावाची बायको, वयानं चार-पाच वर्षांनी मोठी, आणि पाठ अशी दुमडलेली की चालताना नजर जमिनीवरून उठत नसे. तरी केस तेल लावून चापून बसवलेले, अंगात इस्त्रीचा कुडता. तिलाही तपासलं. हाडं यांगनिमपेक्षा वाईट. पण सोरानं मान हलवली.

"मोठ्या आजी, तुमच्या हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे ना? मग तुम्हाला यात घेता येणार नाही."

"बरं," बुन्ये म्हणाली. एवढंच. उतरताना तिनं सोराचा पुढे आलेला हात धरला नाही. स्वतःच्या बाबागाडीची मूठ चाचपली आणि निघून गेली. यांगनिमनं ते पाहिलं. जाऊबाईंची पाठमोरी आकृती तिला एवढीशी वाटली, एखाद्या शाळकरी पोरीची असावी तशी.

दोघींच्या घरांमध्ये काळ्या दगडांची एक भिंत होती. उंची छातीइतकी. पन्नासएक वर्षं त्या भिंतीच्या अल्याड-पल्याड राहून दोघी एकमेकींच्या अंगणात कामाशिवाय गेल्या नव्हत्या. सणाला, पितरांच्या पूजेला एका ओळीत बसून भाज्या चिरत, "मीठ द्या", "पाणी घे" एवढं बोलत. भांडण असं कधी झालंच नव्हतं. झालं असतं तर बरं होतं, मिटलं तरी असतं.

झालं होतं ते असं. बुन्येला मूल नव्हतं, आणि घर थोरल्या पातीचं. पितरांना पाणी कोण घालणार, याची चिंता सासूला रात्रंदिवस. यांगनिमला पहिला मुलगा झाला, मग दुसरा झाला. या दुसऱ्या खेपेला तिचं रक्त थांबेना. सुईण हात टेकून बसली होती. तेव्हा बुन्येनं कुठून कुठून न मोडलेल्या, न दुमडलेल्या लांब मियॉकची जुडी मिळवली, कारण बाळंतिणीचं मियॉक मोडू नये म्हणतात, आणि शिंपल्या घालून कढण शिजवलं. पहिली वाटी पोरं राखणाऱ्या देवीपुढे ठेवली, दुसरी यांगनिमच्या ओठांना लावली. तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ तिनं ते कढण तिला भरवलं. यांगनिम जगली. पोराचं नाव सॉन्गचिल ठेवलं. आणि पोराचं अंगावरचं दूध तुटलं, त्या वर्षी पितरांच्या पूजेला घरातल्या पुरुषांनी ठरवलं की हा मुलगा थोरल्या घरात द्यायचा.

यांगनिमला कुणी विचारलं नाही. विचारण्याचा रिवाजच नव्हता. पाणवठ्यावर बायका म्हणाल्या, "कढण पाजून पोरगं नेलं हो थोरलीनं." कुणी चेष्टेत म्हणालं असेल. ते वाक्य यांगनिमच्या छातीत माशाच्या काट्यासारखं अडकलं, ते निघालंच नाही. भिंतीपलीकडून तिचा मुलगा दुसरीला "आई" म्हणून हाक मारी आणि तिला "काकू". तिला नंतर दोन मुली झाल्या, त्यांची लग्नं झाली, नवरा छातीच्या दुखण्यानं गेला, थोरला मुलगा दूरच्या कारखान्यात नोकरीला लागला. बुन्येचा नवराही गेला. सॉन्गचिल मोठा होऊन फेरीबोटीनं गाठायच्या वान्दोच्या बंदरात मासळीचा ट्रक चालवू लागला. दर पंधरवड्याला बेटावर येई, आईकडे जेवे, आणि जाताना भिंतीवरून डोकावून म्हणे, "काकू, बरी आहेस ना?"

"आहे रे बाबा," ती म्हणे. आणि तो वळला की त्याच्या पाठीकडे बघत राही. नवऱ्याची चालच होती ती.

गोळ्या सुरू होऊन थोडेच दिवस झाले असतील. बुन्ये परसात लोणच्याच्या बरण्यांपाशी घसरली. हाडं मोडली नाहीत असं आधी वाटलं, पण पाठीचा एक मणका चेपला गेला होता. ती अंथरुणाला खिळली. सॉन्गचिल धावत आला. यांगनिम भिंतीपाशी कांद्याची पात निवडत होती, आणि पलीकडचं बोलणं तिला न ऐकता राहवेना.

"आई, किती दिवस असं? तिकडे म्हाताऱ्यांसाठी चांगली जागा आहे. नर्स आहेत, गरम पाणी आहे."

"आणि माणसं?"

"माणसं पण आहेत."

"मला ओळखणारी?"

सॉन्गचिलचा सूर उतरला. मग तो म्हणाला, "एक महिना बघू. चालायला लागलीस तर राहा इथेच. नाहीतर माझं ऐकायचं."

यांगनिमच्या हातातली पात तशीच राहिली. जाऊबाई गेल्या तर आपल्याला बरं वाटेल, असं तिला एके काळी वाटलं असतं. आता वाटलं, की पलीकडे सकाळी चुलीवर झाकणाचा आवाज येणार नाही, खोकला येणार नाही. आपण एकोणिसाव्या वर्षी या गावात आलो तेव्हा कशा होतो, हे माहीत असलेलं या जगात दुसरं कोण उरलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तांदळाची पेज केली, तिळाचं तेल घातलं. मग कपाटातून आपली गोळी काढली, तिचं कवच उघडलं आणि आतली हिरवट पूड पेजेत कालवली. सोराची अट तिला आठवत होती. रक्त पातळ करणारी गोळी, तेही आठवत होतं. पण तिनं स्वतःला समजावलं, की जाऊबाईंची ती केवढीशी गुलाबी गोळी, आणि हे तर मियॉक. मियॉकनं आजवर कुणाचं वाईट झालंय? बाळंतिणीला चालतं, तर जाऊबाईंना का नाही?

भिंतीला वळसा घालून, बाबागाडीत पातेलं ठेवून ती थोरल्या घराच्या दारात उभी राहिली.

बुन्येनं अंथरुणातून तिच्याकडे बघितलं. "काय गं धाकटे, रस्ता चुकलीस?"

"पेज जास्त झाली."

"एकटीच्या घरात?"

"तुम्हाला खायची की नाही तेवढं सांगा. थंड होतेय."

बुन्येनं खाल्ली. दुसऱ्या दिवशीही पेज जास्त झाली. तिसऱ्या दिवशी यांगनिमनं बहाणा करायचं सोडून दिलं. पेज भरवायची, मग काखेत हात घालून जाऊबाईंना उठवून बसवायचं. काही दिवसांनी दारापर्यंत, मग अंगणापर्यंत, मग उन्हात ठेवलेल्या पाटापर्यंत. बुन्ये कण्हायची आणि शिव्या द्यायची.

"हळू गं मेले! मियॉकचा दांडा ओढतेस की काय?"

"दांडा बरा. तो तोंड चालवत नाही."

महिना झाला तेव्हा बुन्ये बाबागाडी धरून फाटकापर्यंत जाऊ लागली होती. सॉन्गचिल आला, बघतच राहिला, आणि त्या जागेचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. यांगनिम मनात म्हणाली, अर्काचाच गुण. तिला आपल्या चोरीचा अभिमान वाटू लागला. सोरा बस घेऊन परत आली, रक्त घेतलं, गोळ्यांचे रिकामे डबे तपासले आणि म्हणाली, "आजी, तुमच्यासारखं नियमित कुणी नाही हं! तुमच्यामुळे माझं काम खरं होणार." यांगनिम बुटांकडे बघत "हं" म्हणाली. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. तरी दुसऱ्या सकाळी तिनं पुन्हा कवच उघडलंच.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका सकाळी ती जाऊबाईंचं अंग पुसून द्यायला गेली. बाही वर सरकवली आणि तिचा हात थांबला. दंडावर, कोपराखाली, मनगटाच्या वर निळे-जांभळे डाग होते. काही ताजे, काही पिवळट पडलेले.

"कुठे आपटलात?"

"कुठेच नाही. येतात हल्ली आपोआप. दात घासताना रक्त पण येतं. म्हातारपण, दुसरं काय."

यांगनिमनं फडकं तसंच बादलीत टाकलं. रक्त पातळ करणारी गोळी. सोराचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला, जणू तो इतके दिवस दाराबाहेर ताटकळत होता आणि आता आत शिरला. तिनं लगेच सोराला फोन लावला.

"पोरी, मी सांगते ते ऐक. ओरडू नकोस. नंतर ओरड." आणि तिनं सगळं सांगून टाकलं.

सोरा ओरडली नाही. ती अगदी हळू, प्रत्येक शब्द नीट मांडत म्हणाली, "आजी, मोठ्या आजींना आत्ता वान्दोच्या दवाखान्यात न्या. फेरीची वाट बघू नका. कुणाची होडी असेल ती घ्या. त्यांना कुठेही आपटू देऊ नका. मी दवाखान्यात फोन करते, मीही निघते."

गावप्रमुखानं आपली होडी काढली. बुन्येला गोधडीत गुंडाळून मियॉकच्या जाळ्यांवर झोपवलं, आणि यांगनिम तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. लाट आली की ती दोन्ही हातांनी ते डोकं धरून ठेवी, अंडं धरावं तसं. बुन्ये आभाळाकडे बघत म्हणाली, "एवढं काय झालंय? तुझं तोंड का असं पिठासारखं?"

"बोलू नका. निजा."

दवाखान्यात डॉक्टरांनी रक्त तपासलं. ते फारच पातळ झालं होतं. उतारा म्हणून इंजेक्शन दिलं, ती गुलाबी गोळी थांबवली आणि काही दिवस ठेवून घ्यायचं ठरलं. वेळेत आणलं, असं ते म्हणाले. डोक्यात रक्तस्राव झाला असता तर काही करता आलं नसतं.

सॉन्गचिल ट्रक तसाच टाकून आला होता. व्हरांड्यातल्या बाकावर यांगनिम बसली होती, तिच्यासमोर तो उभा राहिला. तिनं मान वर केली नाही.

"मी घातलं तिच्या पोटात. माझ्या गोळ्या. रोज पेजेतून. तिची हाडं भरावीत म्हणून. तिला नको असं सांगितलं होतं, तरी घातलं. तुझी आई मरता मरता राहिली माझ्यामुळे. बोल, काय बोलायचं ते."

सॉन्गचिलनं हातातली ट्रकची किल्ली खिशात टाकली. मग तो तिच्याजवळ बसला.

"रोज जात होतीस?"

"हो."

"आत? घरात?"

"नाहीतर काय भिंतीवरून ओतत होते?"

त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. पन्नाशीतला दांडगा पुरुष, आणि ओठ लहान मुलासारखे थरथरत होते. "मी पोरगा होतो ना काकू, तेव्हा त्या भिंतीवर पाय सोडून बसायचो. आई म्हणायची, उतर, पडशील. तूही म्हणायचीस, उतर, पडशील. पण दोघींतली एकही मला उतरवायला जवळ यायची नाही. दुसरी बघेल म्हणून. मग मी आपला आपणच उतरायचो."

यांगनिम बाकावर त्याच्याकडे सरकली. तिनं त्याचा हात घेतला आणि दोघं तसेच बसून राहिले. तो हात शेवटचा कधी धरला होता, ते तिला आठवेना.

संध्याकाळी बुन्येला जरा हुशारी आली. यांगनिम पलंगापाशी जाऊन खाली मान घालून उभी राहिली. "जाऊबाई, मी तुम्हाला..."

"माहीत आहे मला," बुन्ये म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. पेजेला समुद्राची चव येत होती. आयुष्यभर मियॉकचे कान उकळलेत मी, मला कळणार नाही?"

"मग खाल्लीत कशाला?"

"तू आणलीस म्हणून." बुन्येनं डोळे मिटले, उघडले. "नको म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी आली असतीस का?"

यांगनिम स्टुलावर बसली. खिडकीबाहेर बंदरातल्या बोटी भोंगे वाजवत होत्या. पन्नास वर्षं ओठांवर येऊन परतलेलं तिच्या तोंडून बाहेर पडलं.

"ते कढण, जाऊबाई. तेव्हाचं. ते तुम्ही पोरासाठी केलं होतंत का?"

बुन्येनं पांघरूण छातीपर्यंत ओढलं. "खोटं कशाला बोलू या वयात? पहिल्या आठवड्यात नाही. तेव्हा तू पांढरीफटक पडली होतीस, मला दुसरं काही सुचतच नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात तू निजलीस की मी त्याला मांडीवर घ्यायची. आणि मग एक दिवस त्यानं माझं बोट धरलं." तिनं आपल्या बोटाकडे बघितलं. "लोभ सुटला गं धाकटे. मी कुणाला माग म्हणाले नाही. पण घरात ठरलं तेव्हा मी नाहीही म्हणाले नाही. तुझ्याकडे बघितलंच नाही मी तेव्हा. बघितलं असतं तर घेता आलं नसतं."

हे ऐकून आपल्याला संताप येईल, असं यांगनिमला इतकी वर्षं वाटत आलं होतं. आला नाही. उलट छातीत अडकलेलं काहीतरी सैल झालं. निदान खरं तरी कळलं. आणि ते तिच्या मनानं रचलेल्याहून कमी वाईट होतं, थोडंसंच कमी, पण होतं.

"चांगला वाढवलात," ती म्हणाली. "ट्रक टाकून धावत आला."

"दोघींसाठी आला," बुन्ये म्हणाली, आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

दुसऱ्या दिवशी सोरा आली. डोळे तारवटलेले. तिनं आधी बुन्येचे दंड बघितले, तिची माफी मागितली, आणि मग यांगनिमला घेऊन बाहेर आली.

"ओरड आता," यांगनिम म्हणाली.

"वरिष्ठ माझ्यावरच ओरडले, ते पुरे झालं. मी नुसतं 'चालणार नाही' म्हटलं. का चालणार नाही, ते बसून समजावलंच नाही. या अर्कानंही रक्त पातळ होतं आजी. कढणात मियॉक असतं ते वेगळं, आणि त्याचं सत्त्व काढून एवढ्याशा गोळीत भरलेलं वेगळं."

"माझ्यामुळे तुझं काम बुडालं का गं?"

"तुमचं नाव काढावं लागेल. पण तुम्ही बोलला नसता तर तुमची हाडं मी खोटीच मोजली असती, आणि मला कळलंही नसतं." मग जरा थांबून तिनं विचारलं, "आणखी कुणी वाटल्या असतील का हो गोळ्या?"

यांगनिमनं तिच्याकडे बघितलं. "बैठकीत चल माझ्याबरोबर. तू विचारलंस तर कुणी बोलणार नाही. मी विचारते."

म्हाताऱ्यांच्या बैठकीत, तापवलेल्या जमिनीवर पत्त्यांचा डाव मांडून बायका बसल्या होत्या. यांगनिमनं तो डाव हातानं सारला आणि आपण काय केलं ते सगळ्यांसमोर सांगितलं. आयुष्यात ती चार माणसांपुढे कधी बोलली नव्हती. पण तिनं काही झाकलं नाही. मग कोपऱ्यातून एक म्हातारी पुटपुटली, "मी नवऱ्याला देत होते. त्याचे गुडघे दुखतात." दुसरी म्हणाली, "मी बहिणीला पाठवल्या." आणि तिसरीनं रुमाल पिळत सांगितलं, की तिनं आपल्या लंगड्या कुत्र्याला घातल्या. "आणि धावतो की आता!" बैठक हसून हसून लोळली. सोराही हसली, मग टिपं पुसली, मग पुन्हा हसली.

त्यानंतर सोरा दुसऱ्या बेटांवर जाताना यांगनिमला सोबत नेऊ लागली. विद्यापीठाची बाई तासभर सांगे ते बायका माना डोलवत ऐकून सोडून देत. यांगनिम उठून म्हणे, "बायांनो, मायेनं विषही देता येतं. मी दिलंय. माझ्यासारख्या गाढव होऊ नका," आणि मग पेजेची सगळी हकिकत सांगे. एका बेटावर एका म्हातारीनं विचारलं, "मग आता मियॉक खायचं की नाही?"

"खा की! कढण प्यायला कुणी नको म्हटलंय? बाटलीतलं काही खायचं तर आधी डॉक्टरला विचारा, एवढंच."

पुढच्या वर्षी अभ्यास संपला. सोरानं बेटावर येऊन सगळ्यांना निकाल सांगितला. अर्क घेतलेल्या बायकांच्या रक्तात हाडं झिजण्याच्या खुणा थोड्या कमी दिसल्या होत्या. हाडं मात्र भरल्यासारखी म्हणावीत एवढा फरक यंत्राला दिसला नव्हता. आणखी माणसं लागतील, आणखी वर्षं लागतील. यांगनिमच्या डब्यात अर्कच होता, पीठ नव्हतं, हेही तेव्हाच कळलं.

"म्हणजे जाऊबाई उठून चालायला लागल्या त्या..."

"चेपलेला मणका आपोआपही सांधतो आजी. आणि तुम्ही त्यांना रोज उठवत होतात, उन्हात नेत होतात, खाऊ घालत होतात. त्यातलं काय किती कामी आलं, ते मला मोजता येत नाही."

बुन्येला आता डॉक्टरांनी हाडांसाठी वेगळं इंजेक्शन लावून दिलं होतं. ते घ्यायला वर्षातून दोनदा वान्दोला जावं लागे. यांगनिमलाही तेच चालू झालं. दोघी बरोबर जात. धक्क्यापर्यंत दोन बाबागाड्या एकामागे एक, पुढची थोरलीची. बंदरात सॉन्गचिल ट्रक घेऊन उभा असे, दवाखान्यात नेई, मग भाताबरोबर वाफाळतं माशाचं कालवण खाऊ घाली, आणि परतीच्या फेरीत बसवून देई.

त्या फेरीत खाली माणसांना लवंडायला एक मोठी खोली असते, जमीन छान तापवलेली. शरदातल्या एका दुपारी दोघी तिथे आडव्या झाल्या. इंजेक्शनचा दंड दुखतो म्हणून बुन्ये थोडा वेळ कुरकुरली, सॉन्गचिलनं कालवणात तिखट जास्त सांगितलं म्हणून कुरकुरली, आणि बोलता बोलता झोपली. तोंड अर्धवट उघडं, चापून बसवलेल्या केसांची एक बट गालावर आलेली. यांगनिमनं आपला जाड कोट काढून घडी केला आणि हळूच तिच्या मानेखाली सरकवला.

फेरीनं वेग कमी केला. बायका उठून पिशव्या सावरू लागल्या. "थोरलीला उठवा, आलं गाव," कुणीतरी म्हणालं.

"धक्क्यावर दोरी टाकू दे आधी," यांगनिम म्हणाली. "तोवर निजू दे तिला."